संध्याकाळी सहापर्यंतचा रहिवासी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नंतर सांगितली तर तुम्ही म्हणाल, बाई सारवासारव करतेय. पाहुण्याला वेळेवर गाडीत बसवून देण्यात अख्ख्या क्वी न्योनमध्ये माझा हात धरणारं कुणी नाही!

आमच्या शहरात मुद्दाम येतं कोण? पाठीवर संसार लादून फिरणारी ही परदेशी पोरं डोंगरातून सकाळच्या बसने उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीने सायगॉनला पळतात. मधले सात-आठ तास समुद्राजवळ कुठेतरी पाठ टेकायची असते, एवढाच त्यांचा आमच्याशी संबंध. माझ्या चार खोल्यांच्या लॉजवर मी तेवढ्यात आंघोळ, जेवण, झोप, धुऊन वाळवून घडी केलेले कपडे आणि स्टेशन, सगळं उरकते. अकरा वर्षांत माझ्या एकाही पाहुण्याची गाडी चुकलेली नाही. एकदा गाडीच दोन तास उशिरा आली, तर मी त्या बेल्जियमच्या मुलाला फलाटावर दुसऱ्यांदा जेवू घातलं होतं. नको नको म्हणत होता. मी ऐकते होय?

तर हा एस्पेन आला तो नेमका देवमाशाच्या जत्रेच्या दिवशी.

आम्ही दर्यावर्दी माणसं देवमाशाला मानतो. वादळात तो होडीला पाठीचा आधार देऊन किनाऱ्याला लावतो, अशी आमची श्रद्धा. वर्षातून एकदा त्याला बोलवायला होड्यांची मिरवणूक समुद्रात जाते. सगळ्यांत पुढची होडी कुठल्या गल्लीची, हे त्याच दुपारी वाळूवर रस्सीखेचीत ठरतं. एका बाजूला आमची दीपगृह गल्ली, दुसऱ्या बाजूला मासळी गल्ली. आठ वर्षं ओळीने आम्ही हरलो होतो. नुसते हरलो नव्हतो, दरवर्षी तोंडात वाळू घेऊन घरी आलो होतो.

आणि दरवर्षी माझे सासरे त्या दिवशी पहाटे उठून निळा लांब अंगरखा घालायचे, डोक्यावर काळी पगडी चढवायचे आणि दारात खुर्ची टाकून बसायचे. पूर्वी पहिल्या होडीत उदबत्त्या धरून उभं राहायचा मान त्यांचा असे. संध्याकाळी निकाल कळला की उठायचे, अंगरख्याची घडी करायचे आणि डांबराच्या गोळ्यांसकट पेटीत ठेवायचे. आठ वेळा मी ती घडी पाहिली होती. यंदा त्यांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. माझा नवरा खोई हा आमच्या संघाचा कप्तान. तो आदल्या आठवड्यापासून धड जेवत नव्हता.

सकाळी साडेनऊला दार काळोखलं. एस्पेन दारातून आत आला तो वाकून, आणि सरळ झाला तेव्हा त्याचं डोकं पंख्याला लागायचं थोडक्यात वाचलं. नॉर्वेचा पोरगा, ताडासारखा उंच आणि कपाटासारखा रुंद. त्यात डोंगरातली तांबडी धूळ पावलांपासून भुवयांपर्यंत. मला वाटलं, भट्टीतून काढलेला नवा रांजणच चालत आलाय.

त्याने फोनवर काहीतरी लिहिलं आणि फोनने ते आमच्या भाषेत बोलून दाखवलं. संध्याकाळी साडेपाचची गाडी पकडायची आहे. उद्या सकाळी सायगॉनला आई उतरणार आहे. तिला भेटून चौदा महिने झाले. ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली आहे. मग त्याने आईचा फोटो दाखवला. गोठ्याच्या दारात उभी असलेली, रबरी बूट घातलेली, लाजरी बाई. तिच्यामागून गाय डोकावत होती. मला एकदम भरून आलं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की काळजीच करू नकोस. माझं नाव थोआ आहे.

वॉर्डात त्याचं नाव नोंदवून आणलं. पाहुणा तासभर टेको की महिनाभर राहो, आमच्याकडे नोंद करावीच लागते. वॉर्डातले थिन्ह साहेब फार काटेकोर, त्यांनी शिक्का मारून चिठ्ठी दिली. मग पाहुण्याला आंघोळीला पिटाळलं आणि पिशवीतले झाडून सगळे कपडे बाहेर काढले. एकही मूळच्या रंगाचा राहिला नव्हता. अंगावरचेही मागून घेतले. आता त्याला घालायला काय द्यायचं? खोईची विजार त्याच्या दंडाला झाली असती. शेवटी मी माझा घरात घालायचा नवा कोरा जोड काढला. जांभळा, त्यावर पिवळे अननस. सदरा मी मुद्दाम ढगळ शिवून घेतला होता, तो त्याला अंगासरशी बसला. विजार गुडघ्यापर्यंत आली. उकाड्याच्या दिवसांत बरंच म्हणायचं.

तो आरशापुढे उभा राहिला, स्वतःकडे नीट पाहिलं आणि माझे आभार मानले. आमच्या भाषेत आभाराचा सूर जरा चुकला की शब्द 'मुक्याने बैस' असा काहीसा ऐकू येतो. त्याचा चुकला. मी हसून मुक्याने गेले आणि कपडे टबात बुडवले.

कपड्यांबरोबर फोनही बुडवला.

म्हणजे झालं असं की आईचा फोटो बघताना फोन माझ्या हातात राहिला होता. कपड्यांचा ढीग उचलायला मी तो ढिगावर ठेवला आणि ढीग टबात टाकला. चांगलं खसखसून धूत होते आणि हाताला काहीतरी वडीसारखं लागलं. मला वाटलं, साबण. मी तो घासला. फेस येईना तेव्हा पाहिलं.

फोन काळाठिक्कर. विमान कुठलं, कितीचं, आई कुठे भेटणार, सगळं त्याच्या पोटात. मी तो पुसला, झटकला, देवमाशाचं नाव घेतलं आणि जेवणाच्या डब्यात कोरडे तांदूळ भरून त्यात पुरला. तांदूळ पाणी ओढतो, एवढं माहीत होतं. संध्याकाळपर्यंत सुरू झाला तर काही बोलायचंच नाही, हळूच पिशवीत सरकवून द्यायचा. नाही सुरू झाला तर सांगायचं. म्हणजे सांगणार होतेच मी.

पाहुणा जेवला. माशाच्या वड्या घातलेल्या रस्सेदार शेवयांचे तीन वाडगे रिचवले आणि झोपला. तेवढ्यात खोई आला. चेहरा सुकट झालेला. आमच्या संघातला सगळ्यांत जड माणूस, दोराच्या टोकाला खुंट्यासारखा उभा राहणारा बर्फवाला, रात्री कुठल्याशा लग्नात गोगलगाई खाऊन आला होता आणि पहाटेपासून संडासातून उठायला तयार नव्हता. खोई भिंतीला टेकून खाली बसला आणि बापाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला की आता दोर हातात घेण्यातही अर्थ नाही. बाहेर सासरे पगडी नीट करत होते.

त्याच क्षणी एस्पेन उठून स्वयंपाकघरात आला.

आता नीट ऐका, कारण यावरून पुढे माझ्यावर बरंच बालंट आलंय. त्याने खोईकडे पाहून आधी कानाला हात लावला. मग दोन्ही मुठी एकापुढे एक धरून पिळल्यासारखं, ओढल्यासारखं केलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. बाहेर किनाऱ्यावर जत्रेचा ढोल वाजत होता.

खोई ताडकन उभा राहिला. "अगं, काय म्हणतोय बघ. ढोल ऐकू येतोय म्हणतोय. मीही दोर ओढू का, विचारतोय."

एस्पेनने परत कान दाखवला, परत पिळलं.

"किती उतावीळ झालाय," खोई म्हणाला.

मला कळलं होतं का? कान म्हणजे फोन आणि पिळणं म्हणजे माझं धुणं, हे माझ्या लक्षात आलं होतं का? लोक अजून विचारतात. मी एवढंच सांगते की नवऱ्याच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला होता आणि माझ्या मागे फळीवर तांदळाचा डबा होता. मी मान डोलावली. खोईने एस्पेनचे दोन्ही हात धरून हलवले. एस्पेनला वाटलं, काहीतरी मार्ग निघाला. तोही हसला.

तीन वाजता किनाऱ्यावर पोचलो. पुढे सासरे पगडीत, मग खोई आणि आमचा संघ, मागे अननसाच्या जोडात दोन मीटरचा एस्पेन आणि सगळ्यांत शेवटी डबा कवटाळून मी. शेजारणीने विचारलं डब्यात काय. म्हटलं, देवमाशाच्या नैवेद्याचे तांदूळ. तीही बिचारी डब्याच्या पाया पडली.

मासळी गल्लीचे लोक आमच्याकडे बघून आधी हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांची पुढारी लियू. मासळीबाजारात लिलाव पुकारते, त्यामुळे तिला हळू बोलणं ठाऊकच नाही. आठ वर्षं पहिल्या होडीत उभा राहिलेला म्हातारा म्हणजे तिचा बाप, दाक. लियू सरळ थिन्ह साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. वॉर्डाचे अधिकारी म्हणून पंच तेच होते.

"साहेब, दोर ओढायचा तो गल्लीच्या रहिवाशाने. हा कुठला रहिवासी?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. खोईने माझ्याकडे पाहिलं. सकाळची चिठ्ठी माझ्या खिशातच होती. मी ती शांतपणे काढली, उलगडली आणि साहेबांच्या हातात ठेवली. शिक्का त्यांचा, सही त्यांची. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: दीपगृह गल्ली, घर क्रमांक बारा, तात्पुरता रहिवासी, आज संध्याकाळी सहापर्यंत.

"सहाला अजून तीन तास आहेत," साहेब म्हणाले. "तोवर हा दीपगृह गल्लीचाच."

गल्लीने असा काही आवाज केला की ढोलवाला थांबला. लियू इतक्या सहज हटणारी नव्हती. तिने एस्पेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली की अंगावर बायकांचे कपडे आहेत, म्हणजे याला बायकांच्या संघात धरा. साहेबांनी नियमांचं चोपडं पुन्हा चाळलं. कपड्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

दहा जण इकडे, दहा जण तिकडे. तीन डाव, दोन जिंकेल त्याची होडी पुढे. एस्पेनला टोकाला उभं केलं, दोराचं शेपूट हातात दिलं. तो माझ्याकडे बघून कानाला हात लावत होता. मी त्याला दोर दाखवत होते. पंचांनी शिट्टी फुंकली.

काय सांगू तुम्हाला! त्याने एक हिसका दिला आणि मासळी गल्लीची अख्खी रांग गळाला लागल्यासारखी पुढे आली. त्यांचा पहिला गडी तोंडावर पडला. आम्ही ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात एस्पेनने तो पडलेला माणूस पाहिला, दोर सोडून दिला आणि धावत जाऊन त्याला उठवलं. त्याच्या अंगावरची वाळूही झटकली. इकडे टोकच सुटल्यावर आमचे नऊ जण एकमेकांवर कोसळले आणि मासळी गल्लीने त्यांना फरफटत रेघेपलीकडे नेलं.

पहिला डाव गेला. लियूने आमच्या पाहुण्याचे जाहीर आभार मानले. तिचा सूर बरोबर होता.

खोई वाळू थुंकला, एस्पेनजवळ गेला, दोराचा वेढा त्याच्या कमरेभोवती घेतला आणि बोट धक्क्याला बांधताना मारतो ती गाठ मारली. ती ताण पडला की आणखी घट्ट होते. आता सोडायचं म्हटलं तरी सोडता येणार नव्हतं. एस्पेनने गाठ चाचपून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी काळजी दिसली.

दुसऱ्या डावात त्याने ओढलंच नाही. कमरेला हिसका बसला तसा तो घाबरून मागे रेलला, टाचा वाळूत रोवल्या आणि नुसता उभा राहिला. मासळी गल्ली ओढतेय, ओढतेय, लालबुंद होतेय. हा समुद्राकडे बघतोय. पाच मिनिटांनी त्यांचे हात सैल पडले तेव्हा आमच्या लोकांनी सावकाश, विहिरीतून घागर काढावी तसं त्यांना आपल्याकडे काढून घेतलं.

मी मागे वळून पाहिलं. सासरे वाळूवर मांडलेल्या खुर्चीवरून उठून उभे होते. आठ वर्षांत त्यांना असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या डावाला चार वाजून गेले. लियूने आता बाजारातले दोन हमाल आत घेतले, बर्फाच्या लाद्या पाठीवरून वाहणारे. ते तिच्याच गल्लीतले, तक्रार करायला जागा नव्हती. शिट्टी वाजली आणि दोर असा ताठ झाला की त्याच्यावर कपडे वाळत घालावेत. पाच मिनिटं झाली, आठ झाली. वीस माणसं जागच्या जागी थरथरत होती. मधला लाल फडका ना इकडे ना तिकडे. मग तो वीतभर तिकडे सरकला. मग आणखी. एस्पेनच्या टाचा वाळूत चर पाडत पुढे जाऊ लागल्या. खोईच्या मानेच्या शिरा दोराएवढ्या झाल्या. सासऱ्यांचा हात पगडीकडे गेला. उतरवायलाच गेला, मला कळलं.

मी एस्पेनच्या मागे दहा पावलांवर डबा छातीशी धरून उभी होते. मला ते बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून झाकण काढलं, तांदळात हात घातला आणि फोन मुठीत धरून दाबला, माणूस घाबरून देवाची मूर्ती धरतो तसा. कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे. तांदळात उजेड पडला. जरा वेळाने डबा थरथरला. आणि मग त्यातून घंटेची किणकिण ऐकू आली, गाई चरून परत येतात तेव्हा येते तशी.

एस्पेनचे कान उभे राहिले. खरंच उभे राहिले, मी पाहिले.

त्याने मान वळवली. माझ्या हातातला डबा पाहिला. आणि कमरेला दोर आहे, दोराला एकोणीस माणसं आहेत, हे सगळं विसरून तो माझ्याकडे चालायला लागला. धावला नाही हो, चालला. एक पाऊल, दुसरं पाऊल, नांगराला जुंपलेल्या रेड्यासारखं. आमचे नऊ जण मागे फेकले गेले. दोन्ही हमाल गुडघ्यावर आले. बाकीचे पोटावर. दहा पावलं चालून तो माझ्यापुढे येऊन थांबला तेव्हा मासळी गल्ली अख्खीच्या अख्खी आमच्या हद्दीत पालथी पडली होती.

शिट्टी वाजली. मग जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण कुणीतरी माझ्या पाठीत आनंदाने इतक्या जोरात धपका घातला की मी वाळूत बसले. लियू धावत पंचांकडे गेली. "साहेब, तो ओढत नव्हता. तो चालत होता."

साहेब म्हणाले, "दोर सरकला ना?"

"सरकला, पण..."

"मग झालं तर."

खोई वाळूत उताणा पडून हसत होता की रडत होता, कळत नव्हतं. सासऱ्यांनी पगडी दोन्ही हातांनी परत नीट बसवली. आणि या सगळ्याच्या मधोमध एस्पेन कमरेला दोर बांधलेल्या अवस्थेत फोन कानाला लावून उभा होता. फोनमधून तांदळाचे दाणे गळत होते. पलीकडे आई होती. मधल्या कुठल्यातरी मोठ्या विमानतळावर उतरली होती, पुढचं विमान कुठल्या दारातून सुटणार ते तिला सापडत नव्हतं आणि तासाभरापासून ती पोराला फोन लावत होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्याचा आवाज ऐकू येत होता. इतका मोठा माणूस, पण आवाज अगदी बाळाला निजवताना असतो तसा. तो एकेक वाक्य बोलायचा, थांबायचा, ऐकायचा. शेवटी पलीकडून एक बारीक हसू ऐकू आलं. आईला दार सापडलं होतं.

तोवर पावणेपाच झाले होते. साडेपाचची गाडी आणि शहराबाहेरचं मोठं स्टेशन. जत्रेच्या गर्दीतून जायला अर्धा तास तरी हवाच. गाठ काही सुटेना. शेवटी मासळी गल्लीच्या एका माणसाने आपला सुरा काढला आणि दोर कापून दिला. तो तोच, ज्याला एस्पेनने पहिल्या डावात उठवलं होतं.

खोई धावत होडीकडे निघाला होता. भरती थांबत नाही, मिरवणूक लगेच निघणार होती. आमची होडी, पहिली. जाता जाता तो ओरडला की पाहुण्याला दुसऱ्या कुणाबरोबर पाठव आणि तू धक्क्यावर ये. मी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीतला एकही माणूस स्टेशनावर जायच्या तयारीत नव्हता. सासऱ्यांना चौघांनी खुर्चीसकट उचललं होतं आणि ते मान वळवून गर्दीत मला शोधत होते. आठ वर्षं तो अंगरखा मी उन्हाला टाकला होता, मी घडी उलगडली होती. मला त्यांना पहिल्या होडीत उभं राहिलेलं बघायचं होतं.

पण पाहुणा माझा होता. फोन मी बुडवला होता. आई त्याची होती.

मी त्याला हाताला धरून घराकडे पळवलं. गच्चीवरून कपडे ओढून काढले. सदरे वाळले होते, जाड विजारी अजून ओल्या होत्या. कपडे बदलायला वेळ नव्हता. पिशवी त्याच्या पाठीवर, तो माझ्या स्कूटरच्या मागे, ओल्या विजारी त्याच्या दोन्ही हातांत. म्हटलं, वर धर, वाऱ्याने वाळतील. मग आम्ही निघालो. पुढे मी, मागे अननस आणि डोक्यावर दोन निशाणं फडफडतायत. जत्रेला येणाऱ्या लोकांना वाटलं, हाही मिरवणुकीचाच भाग. बाजूला होऊन नमस्कार करत होते.

एका चौकात सिग्नल लागला. मी मागे वळून त्याच्याकडून फोन मागितला आणि त्यात बोलून सगळं कबूल केलं. की तो मीच बुडवला, मीच लपवला आणि तुला कळू दिलं नाही. फोनने ते त्याच्या भाषेत सांगितलं. मग त्याने काहीतरी बोलून फोन माझ्यापुढे धरला.

फोन म्हणाला, "मला वाटलं, दोर ओढल्यावरच फोन परत देतात. मला वाटलं, इथली हीच पद्धत असेल."

सिग्नल हिरवा झाला तरी मला स्कूटर हलवता येईना. मागचे भोंगे वाजवायला लागले. तो मात्र हसत होता. स्कूटर हलत होती ती त्याच्या हसण्याने.

गाडी फलाटाला लागलेली होती. दारापाशी त्याने वाकून माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पुन्हा एकदा मला मुक्याने बैस म्हणाला. मग अननसाचा जोड दाखवून खुणेने विचारलं, काढून देऊ का? मी म्हटलं, आईला तसाच भेट. गाडी हलली. पाच वाजून बत्तीस मिनिटं. खिडकीतून त्याची ओली विजार बराच वेळ हलताना दिसत होती.

परत आले तेव्हा होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. जो तो मला सांगत होता की काय ती मिरवणूक, काय तो थाट, तू हवी होतीस. मी हसत होते आणि आतून जळत होते. घरी सासरे खुर्चीत बसले होते, अंगरख्यावर मिठाचे पांढरे डाग. त्यांनी आवाज न करता मला जवळ बोलावलं.

"सूनबाई, पाहिलंस ना?"

काय सांगणार? चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांत लहान मुलासारखा उजेड. स्टेशनावर होते असं सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "पाहिलं तर! जाताना गर्दीत दिसला नाहीत, पण परत येताना मी धक्क्यावरच होते की. होडीच्या टोकाला उभे होतात, पगडी घालून, छाती काढून. अगदी राजासारखे. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, मामंजी."

त्यांनी अंगरख्यावरचा एक पांढरा डाग नखाने खरवडला.

"परत येताना मला होडी लागली होती," ते म्हणाले. "मी जाळ्यांवर आडवा होऊन ओकत होतो. टोकाला दाक उभा होता. त्याला बोलावून घेतलं आणि पगडीही त्यालाच दिली, म्हटलं सवय आहे तुला."

मग त्यांनी डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "लियूच्या बापाला बघून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतेस?"